सहावा नारळ

आसारामच्या पत्राला विश्वेश्वरकाकांनी उत्तर दिलं नाही, त्याला यंदा बावीस वर्षं झाली. निळं आंतरदेशीय पत्र होतं, आष्टीहून आलेलं. अक्षर गोल आणि ओळी उजवीकडं खाली घसरलेल्या. आसारामचा बाप बंकट आणि काकांचे वडील ईश्वरप्पा हे दोघे एकेकाळी गेवराईकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. बंकट राखणीला आणि ईश्वरप्पा वजनकाट्यावर. 'आमचा बाप आता पार थकला आहे,' आसारामनं लिहिलं होतं, 'आणि सारखा एकच गोष्ट विचारतो. अप्पांनी नेलेला काचेचा नारळ आहे का? असला तर एकदा बघायचा म्हणतो. उत्तर द्यावे.'

काचेचा नारळ म्हणजे काय, तेच काकांना कळेना. तेव्हा ते गेवराईच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. कुणी काही विचारलं तर चार पुस्तकं काढून, शोधून सांगायचं, हीच त्यांची नोकरी. आणि स्वतःच्या बापाबद्दल विचारलं तर ठाऊक नाही. थोरल्या भावाला विचारलं, तर तो म्हणाला, "काचंचा नारळ? तुज्या पुस्तकात आसंल बघ," आणि पोट धरून हसला. काकांनी 'आमच्याकडे असे काही नाही' असं लिहिलं आणि फाडलं, कारण माळ्यावरची पेटी शोधली नव्हती. पेटी शोधण्यात पंधरा दिवस गेले. मग उशिराची माफी मागणं आलं. ती नीट जमेना. महिना झाला, तशी माफी आणखी लांबली. वर्ष उलटल्यावर वाटलं, म्हातारा गेला असेल, आता कोणत्या तोंडानं लिहायचं? पत्राच्या चिकटून राहिलेल्या मागच्या घडीत पुढचा बराच मजकूर होता, तो तेव्हा दिसलाच नाही, आणि लाजेपायी काकांनी ते पुन्हा कधी उघडलं नाही. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ते ठेवून दिलं. शब्दकोश तरी आपण रोज उघडतो, म्हणजे विसर पडणार नाही, असा हिशेब होता. त्या दिवसापासून त्यांनी दुसरा खंड उघडायचा सोडला.

हे सगळं श्रावणातल्या त्या सोमवारी सकाळी त्यांच्या डोक्यात असायचं काही कारण नव्हतं. घरात वेगळीच धामधूम चालली होती.

तलवाड्यातलं घर आता मिटणार होतं. पुतण्या संगमेशनं बीडला फ्लॅट घेतला होता. दुकानही तिकडंच न्यायचं ठरलं होतं. जाण्याआधी शेवटचं कार्य म्हणून त्याच्या लेकीच्या, स्वप्नालीच्या, तीन महिन्यांच्या मुलाची लिंगधारणा, म्हणजे गळ्यात लिंग बांधण्याचा विधी, याच घरात करायची, हा काकांच्या वहिनीचा, महानंदाबाईंचा हट्ट. त्यासाठी परमेश्वर स्वामी आले होते, आणि माजलगावहून काकांची धाकटी बहीण मोहिनीही आली होती. ती येताना तांब्याचा एक रिकामा गडू घेऊन आली होती, आणि भांडण त्या गडूवरून होतं.

"माज्या बापाचं तीर्थ हाय ते," मोहिनी म्हणाली. "तुमी बीडला नेऊन फ्लॅटात फ्रिजवर ठिवताल. आर्धं माजं."

"आर्धं कसं करावं, बाई? बाटली हाय ती, भाकर न्हाई," महानंदाबाई म्हणाल्या.

"फोडा मग."

"साठ-सत्तर वर्षं कुनी फोडली न्हाई, आन आता तुला कावून घाई?"

"कारन साठ वर्षं घर जाग्यावर व्हतं, वहिनी."

देवघरातल्या कोनाड्यात, पितळी कड्यात बसवलेली ती बाटली. लाल कापडात पार गळ्यापर्यंत गुंडाळलेली. वर फक्त पांढऱ्या लुकणानं बंद केलेलं तोंड दिसायचं, तेही विभूतीच्या थरांनी आता दगडासारखं झालेलं. काशीचं तीर्थ. ईश्वरप्पांनी आणलेलं. कधी आणलं, कुणाबरोबर गेले होते, हे कुणी विचारलं नव्हतं. दर सोमवारी तिला विभूती लागायची, शिवरात्रीला बेल वाहिला जायचा, आणि घरातलं पोर परीक्षेला निघालं की तिच्या पाया पडून निघायचं.

तोडगा संगमेशनं काढला. तो आईच्याही बाजूचा होता आणि आत्याच्याही. गिऱ्हाईक परत जाऊ नये याची त्याला दुकानातली सवय. "असं करू," तो म्हणाला. "आज मुहूर्त हाय, स्वामी हायत. बाटली आजच उघडू. पयले दोन थेंब बाळाच्या तोंडात, खापरपणजोबाचा परसाद म्हनून. राह्यलेलं दोन गडूत. एक बीडला, एक माजलगावला."

महानंदाबाईंनी स्वामींकडं पाहिलं. मोहिनीनंही स्वामींकडं पाहिलं. स्वामींना पुढं केजला जायचं होतं, त्यांनी मान हलवली. एवढ्यावर ठरलं. विश्वेश्वरकाकांना कुणी विचारलं नाही, आणि त्यातही काही नवीन नव्हतं. घरातल्या बैठकीत काका म्हणजे चौथी खुर्ची.

"भाऊजी, वाटी-चमचा आना तेवडा चांदीचा," वहिनी म्हणाल्या. काकांनी आणला.

कापड विभूतीनं आणि तेलानं काचेला चिकटलं होतं. महानंदाबाईंनी ते ओल्या बोटांनी सोडवायला घेतलं. एक पदर सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्याचं तर पीठच झालं. मग ते सगळं एकदम खाली आलं.

"आत्ता गं बया," मोहिनी हळूच म्हणाली.

बाटली निळी होती. साधी निळी नाही, दिवाळीतल्या संध्याकाळच्या आभाळासारखी गडद. अंगावर उभ्या शिरा. आणि तिला बूडच नव्हतं. खालून ती गोल होती, टेकवावी तिकडं कलंडेल अशी. म्हणूनच ते पितळी कडं. पूर्वेच्या दारातून ऊन आत आलं होतं. ते बाटलीतून गेलं आणि शहाबादी फरशीवर, काकांच्या पायापाशी, हातभर निळा डाग पडला. महानंदाबाईंचा हात हलला तसा तो डाग हलला.

काका त्या डागाकडं बघत राहिले.

हा डाग त्यांनी पाहिला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, चार-पाच वर्षांचे असताना, आणि तो धरायला ते गुडघ्यांवर सरकत त्याच्या मागं गेले होते. आयुष्यभर त्यांना वाटत आलं होतं की ते स्वप्न असावं. वर काहीतरी निळं टांगलेलं, आणि मायचा हात, खसकन मागं ओढणारा. 'हात लावू नगं. काशीचं हाय. देव कोपंल.'

टांगलेलं. गोल. एवढं.

"नारळ," काका म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. संगमेशनं छिन्नी लुकणावर ठेवली होती आणि दुसऱ्या हातात छोटी हातोडी घेतली होती. स्वप्नाली बाळाला घेऊन पुढं सरकून बसली. बाळाच्या गळ्यात नवा पांढरा दोरा होता आणि ते तोंडात मूठ घालून चोखत होतं. स्वामींनी मंत्र सुरू केला.

"थांबा," काका म्हणाले, पण ते थांबा त्यांच्या नेहमीच्या आवाजातलं होतं. वाचनालयात चाळीस वर्षं हळू बोललेल्या माणसाचं. हातोडी वर गेली. काकांना दुसरं काही सुचलं नाही, त्यांनी वाकून बाटलीच्या तोंडावर हात ठेवला.

हातोडी अंगठ्यावर बसली.

पुढची दोन-तीन मिनिटं देवघरात जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. हळद आली, फडकं आलं, संगमेश "काका, याड लागलंय का" असं चारदा म्हणाला आणि पाचव्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी मात्र दुसऱ्या हातानं बाटली छातीशी धरली होती. ती त्यांनी पहिल्यांदाच उचलली होती, आणि अंगठा ठणकत असतानाही मनात एक विचार लख्ख उभा राहिला. ही फार जड आहे.

"बाळाला देऊ नका," ते म्हणाले. "मी आलो."

"कुठं निगाला, भाऊजी? मुहूर्त टळंल."

"शब्दकोश आणतो."

महानंदाबाईंनी मोहिनीकडं पाहिलं, मोहिनीनं वहिनीकडं. सकाळपासून पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं होतं, की म्हाताऱ्याचं काही खरं नाही.

काका परत आले ते पत्र हातात घेऊनच. मागची घडी त्यांनी जिन्यातच उघडली होती, आणि आता त्यांना नीट श्वास घेता येत नव्हता. ते घाबरले नव्हते. वाचनालयात एखादं हरवलेलं पुस्तक तीन वर्षांनी भलत्याच फळीवर सापडलं की त्यांना असं व्हायचं.

"स्वप्नाली, तू वाच. माझा चष्मा हालतोय."

स्वप्नालीनं बाळ आपल्या आईच्या, वर्षाराणीच्या, हातात दिलं. स्वप्नाली बी. फार्म. झालेली, बीडला औषधाच्या दुकानात काम करणारी. तिनं वाचलं:

"'जिनिंगच्या भिंतीला असे सहा नारळ टांगलेले होते, निजामाच्या वेळचे. आग लागली की फेकून फोडायचे, म्हणजे आतल्या औषधाने आग विझते. रुईच्या गोदामाला आग लागली तेव्हा पाच आमच्या बापाने मारले. सहावा राहिला. जीन बंद झाले तेव्हा मालकाने तो अप्पांना दिला. अप्पा म्हणाले, बंकट, हा तलवाड्यात ठेवतो, कुणाचे घर पेटले तर कोणत्याही वेळी मला हाक मारा. स्वयंपाकघराच्या दारावर उंच टांगतो, लेकराच्या हाती लागायला नको, आतले औषध जहरी आहे. बापाच्या नाकात नुसती वाफ गेली तर दोन दिवस ओकत होता. आमच्या बापाला तो एकदा बघायचा आहे.'"

बाहेर दुकानासमोर कुणीतरी मोटारसायकल बंद केली, ती ऐकू आली.

मोहिनीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "हे कुनाचं पत्र म्हनायचं? राखनदाराच्या पोराचं. त्याला काय म्हाईत आपल्या देवघरातलं? आपल्या मायनं सांगितलंय, काशीचं हाय म्हनून."

"मोहिनी, मायनं सांगितलं ते मला सांगितलं," काका म्हणाले. "मी चार वर्षांचा होतो. मी धरायला गेलो, म्हणून सांगितलं. विष आहे म्हटलं असतं तर पोरानं उघडून बघितलं असतं. देव कोपेल म्हटलं, म्हणून कुणी हात लावला नाही."

"आन मग कापड?"

"माझ्या भीतीनं मायनं गुंडाळून देवघरात ठेवली असेल. ऊन लागलं की ती चमकायची, आणि मी तिच्याकडं जायचो."

एवढं सलग काका या घरात शेवटचं कधी बोलले होते, कुणाला आठवलं नसतं. बोलल्यावर त्यांनाच शंका आली. पत्र खरं असेल, पण बाटली तीच कशावरून? अशा निळ्या बाटल्या शंभर असतील. अप्पा काशीला गेलेही असतील. आणि आपण एका पोराचं तीर्थ अडवून, स्वतःचा अंगठा फोडून घेऊन, सगळ्यांसमोर उभे आहोत.

स्वप्नाली मोबाइलवर शोधत होती. "आहेत असे," ती म्हणाली आणि पडदा सगळ्यांकडं फिरवला. एका चित्रात हुबेहूब तसाच, शिरांचा, बुडाशिवायचा. "पण काकाआबा, हितं दोन प्रकार दिलेत. जुन्यात मिठाचं पानी असायचं. नंतरच्यात औषध. बाहेरून कळत नाही."

"मिठाचं पानी आसलं तर काय व्हतंय?" मोहिनी म्हणाली. "तीर्थात मीठ आसतंच की समुद्राच्या."

"काशीला समुद्र कुठला, आत्या?" संगमेश म्हणाला, आणि त्या अवस्थेतही स्वामी हसले.

काकांच्या हातात बाटली अजून होती. ती जड होती. अप्पा काट्यावर होते, आणि लहानपणी खेळ म्हणून ते पोरांच्या हातात वस्तू देऊन विचारायचे, सांग किती. विश्वेश्वर दर वेळी बरोबर सांगायचा आणि मग, चुकलो असेन, म्हणायचा.

"संगमेश, काटा चालू आहे ना दुकानातला?"

सगळं घर दुकानात आलं. देवघरातून अनवाणी, स्वामी त्यांच्या उपरण्यासकट. काट्यावर अर्धं बांधलेलं सामान होतं, ते संगमेशनं एका हातानं खाली लोटलं. काकांनी आधी बाटली ठेवली. ती कलंडू लागली, तशी मोहिनीनं आपला तांब्याचा गडू पुढं केला. गडूचं वजन आधी शून्यावर घेऊन त्याच्या तोंडावर बाटली बसवली. लाल आकडे थरथरले आणि थांबले.

"एक किलो बारा," संगमेश म्हणाला.

"आता परात. परातीत घागर. घागर काठोकाठ भरा."

"भाऊजी, हे काय पूजेचं हाय का?" महानंदाबाईंनी विचारलं, पण पाणी त्यांनीच आणलं.

काकांनी बाटली घागरीत अलगद बुडवली, पार तोंडापर्यंत. पाणी काठावरून परातीत ओसंडलं. ते सगळं पाणी गडूत काढून संगमेशनं काट्यावर ठेवलं. दुकानदाराचा हात तो, थेंब सांडला नाही.

"सहाशे."

"म्हणजे या बाटलीएवढं पाणी सहाशे ग्रॅम भरतं," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांना ते कळलं नव्हतं. "आत मिठाचं पाणी असतं, तर काच धरून सातशे भरलं असतं. फार तर आठशे. ही हजारावर गेली. आत पाणी नाही. गंगेचं नाही, मिठाचं नाही. पाण्याच्या दीडपट जड काहीतरी आहे."

"काच जाड आसंल," संगमेश म्हणाला. त्याला विरोध करायचा नव्हता, त्याला खात्री करून घ्यायची होती.

"पप्पा, फेकून फुटायची बाटली जाड करतेत का?" स्वप्नालीनं विचारलं. मग तिनं काकांकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "दीडपट जड, नि आग विझवणारं. कार्बन टेट्राक्लोराइड. आमाला होतं शिकायला. आता बंद केलंय, लिवर नि किडनी जाते म्हणून. नक्की काय ते लॅबच सांगंल. पण..." ती वर्षाराणीकडं गेली आणि बाळ परत आपल्याकडं घेतलं. नको इतकं घट्ट धरलं, तसं ते रडायला लागलं.

संगमेश खाली बसला. दुकानाच्या फरशीवर, साखरेच्या पोत्याला टेकून. हातोडी अजून त्याच्या शर्टाच्या खिशात होती. ती त्यानं काढून लांब ठेवली.

"मी चाळीस वर्षं याला विभूती लावली," परमेश्वर स्वामी म्हणाले. "माझ्या वडलांनी त्याआधी लावली." मग ते गंभीरपणे म्हणाले, "गावातलं घर पेटलं तर विझवायला ठेवलेली वस्तू. तिला विभूती लागली, तर फार काही बिघडलं न्हाई. चला, बाळाला आमचं रोजचं पादोदक, पूजेचं पाणी, देऊ. मुहूर्त अजून हाय."

बाळानं साध्या पाण्याचे दोन थेंब चाटले आणि तिसऱ्यासाठी तोंड उघडलं.

जेवणं झाल्यावर खरी मजा झाली. बाटली ओट्यावर, घडी घातलेल्या टॉवेलच्या खळग्यात ठेवली होती, आणि तिच्यापासून सगळे दोन हात लांब बसले होते.

"मोहिनीबाई," महानंदाबाईंनी गोड आवाज काढला, "मला वाटतंय तुजा हक्क मोटा. लेक हायस तू. तूच ने."

"न्हाई गं वहिनी. घरान्याची वस्तू थोरल्या घरी शोभती. माज्याकडं कुटं जागा?"

"आगं गडू आनलायस की."

"गडूत मावत न्हाई ती, सकाळीच बगितलं."

"मी ठेवतो," काका म्हणाले. बीडला जायचं त्यांनी अजून कबूल केलं नव्हतं. आता त्यांनी तेही सांगून टाकलं. "मी इथंच राहीन. वरची खोली मला पुरे. स्वप्नाली विचारून सांगेल, असलं काही कुठं नि कसं जमा करायचं ते. तोवर उंच टांगून ठेवतो."

महानंदाबाई वाद घालणार होत्या. पण भाऊजींचा बांधलेला अंगठा त्यांच्या समोर होता. त्या नुसतं म्हणाल्या, "मग सकाळचा च्या कोन देनार तुमाला?"

"मी करतो की. येतो मला."

"येतो म्हने," मोहिनी म्हणाली. "वीस वर्षं पत्राला उत्तर देता आलं न्हाई, आन च्या येतो." म्हणाली, आणि मग तिला वाईट वाटलं. ती उठून काकांच्या शेजारी येऊन बसली. "दादा, तो म्हातारा आसंल का रं आता?"

"नसेल. असता तर शंभरीला आला असता."

"मी फोन लावते," स्वप्नाली म्हणाली. "आष्टीत माझी मैत्रीण आहे, आसाराम धनगर म्हणून विचारलं तर तासात नंबर मिळंल."

"मिळव नंबर. पण आधी मला पाऊण तास दे," काका म्हणाले. "त्यानं पत्र लिहिलंय. उत्तर पत्रानंच द्यायचं."

वरच्या खोलीत त्यांनी लिहायला घेतलं. अंगठा नेमका उजवा, पेन धरवेना. तर्जनी आणि मधल्या बोटात धरून लिहिलं, तर अक्षर आसारामसारखंच गोल आणि घसरतं आलं. माफी लिहायला बसले आणि एका ओळीवर थांबले. त्यापुढं माफी सुचली नाही आणि शोधावीशीही वाटली नाही.

'आसारामभाऊ, तुमच्या पत्राला बावीस वर्षांनी उत्तर देतो आहे. चूक माझी. नारळ आहे. फुटलेला नाही. निळा आहे. आज तुमच्या पत्रामुळे आमच्या घरातले एक लेकरू वाचले, ते भेटीत सांगेन. तुमच्या वडिलांना दाखवता आला नाही, हे मला आता कुठे ठेवावे कळत नाही. तुम्ही या. नाहीतर मी तुमच्याकडे येतो. आमचे अप्पा कसे होते, ते मला तुमच्याकडून ऐकायचे आहे. मी त्यांना फक्त काट्यावर पाहिले. आपला, विश्वेश्वर ईश्वरप्पा.'

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं.

तलवाड्याचं पोस्ट म्हणजे एक खोली आणि हनुमान नावाचा पोस्टमास्तर. काका पोचले तेव्हा सव्वातीन झाले होते, आणि हनुमान पिशवीच्या तोंडाला सुतळी बांधत होता. काका धावत आले होते. बहात्तराव्या वर्षी, भर बाजारातून, एक चप्पल मागं राहिलेली, ती मोहिनी हातात घेऊन येत होती.

"काका, आवो पेटीत टाका की. उद्या जाईल."

"पेटीत नको."

"कावून?"

"पेटीत टाकलं, तर रात्रभर मी पेटीपाशी येत राहीन. तू पिशवीतच टाक."

हनुमाननं एकदा त्यांच्याकडं, एकदा त्यांच्या अनवाणी पायाकडं पाहिलं, आणि सुतळीची गाठ सोडली. पत्र घेतलं, पत्ता वाचला, तिकिटावर ठप्पा मारला. काकांनी खिडकीतून वाकून बघितलं. ठप्पा थोडा तिरका पडला होता, पण तारीख स्पष्ट उठली होती. आजची.